या वेळी अंगण खरंच वाकडं आहे

पत्र आलंय ते आधी थोडक्यात देते, म्हणजे पुढचं कशाबद्दल चाललंय ते कळेल.

"ताई, मी १८ वर्षं मधमाश्यांवर काम करतेय. पुढच्या गुरुवारी एका चॅनेलसाठी माझी मुलाखत आहे, घरूनच, लॅपटॉपवर, अर्धा तास. काल भाचीने ट्रायल म्हणून दहा मिनिटं रेकॉर्ड केलं आणि ते बघून माझी झोपच उडाली. नाक केवढं मोठं, डोळ्यांखाली काळं, हनुवटीखाली अजून एक हनुवटी, आणि चेहरा चक्क वाकडा. आरशात मी अशी नसते हो. मी ४७ ची, रंगाने सावळी, चष्मा आहे. भाची म्हणते फिल्टर लाव, मैत्रीण म्हणते फेशियल कर, मला वाटतंय नकोच ती मुलाखत. पुढच्या महिन्यात त्यांची टीम कॅमेरा घेऊन घरी पण येणार आहे. सहा दिवसांत काय होऊ शकतं? क्लिप सोबत पाठवलीय, हसू नका."

अहो हसेन कशाला, मी ती क्लिप दोनदा बघितली. मी बरीच वर्षं व्हिडिओ एडिटिंग करतेय, म्हणजे दिवसभर लोकांचे बोलणारे चेहरे बघत बसायचं, पुढे मागे करत, थांबवत, परत बघत. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या चेहऱ्याला काहीही झालेलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो ना, तुमच्या बाबतीत मात्र अंगण खरंच वाकडं आहे. तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारींपैकी एकही चेहऱ्याची नाहीये, एक आरशाच्या सवयीची आणि बाकी तिन्ही खोलीच्या आहेत. खिडकी कुठे, लॅपटॉप कुठे, दिवा कुठे. आणि खोली सहा दिवसांत काय, एका दुपारीत बदलता येते. फेशियल तर अजिबात नको, निदान या आठवड्यात तरी. कधी न केलेली गोष्ट मुलाखतीच्या तोंडावर केली आणि गालावर पुरळ आलं तर काय करणार?

आधी नाक, कारण त्याचंच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय. क्लिपमध्ये तुम्ही टेबलावर रेलून बसल्यायत आणि लॅपटॉप तोंडापासून जेमतेम एक फुटावर आहे. आता बघा, नाकाचं टोक कानांपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर पुढे असतं. कॅमेरा ३० सेंटिमीटरवर असेल तर नाक ३० वर आणि कान ४०-४२ वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशोबाने कान बरेच लांब, मग नाक मोठं आणि कान बारीक दिसणारच. तोच कॅमेरा एक मीटरवर नेला की १०० आणि ११०, फरक जवळजवळ गेलाच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं, सेल्फी बघून नाकाचं ऑपरेशन करून द्या म्हणणारे लोक यायला लागले होते म्हणून. त्यांच्या हिशोबात ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक साधारण ३० टक्के जास्त रुंद दिसतं आणि दीड मीटरवर ते नेहमीसारखं होतं. तेव्हा लॅपटॉप मागे सरकवा, हात लांब केला तर बोटं स्क्रीनला लागणार नाहीत एवढा. फक्त मागे सरकवला की लॅपटॉपचा माइकही लांब जातो आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, म्हणून वायरवाला साधा इअरफोन लावा, त्याचा माइक चालतो. वायर कानामागून किंवा केसांखालून नेली तर फारशी दिसत पण नाही.

दुसरी हनुवटी. लॅपटॉप टेबलावर, त्याची स्क्रीन मागे कललेली, म्हणजे कॅमेरा तुमच्याकडे खालून वर बघतोय. त्या कोनातून कुणाचीही हनुवटी दोन दिसते, नाकपुड्या दिसतात आणि डोक्यावर पंखा फिरताना दिसतो (तुमच्या क्लिपमध्ये पंखाच जास्त छान आलाय, खरं सांगते). लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवा, कॅमेऱ्याचा ठिपका डोळ्यांच्या रेषेत किंवा अगदी बोटभर वर येईपर्यंत, आणि स्क्रीन सरळ उभी करा. पुस्तकं हलत नाहीत ना ते बघा, टेबलावर हात आपटून बोलायची सवय असेल तर सगळं चित्र थरथरतं. मान थोडी पुढे काढून हनुवटी किंचित खाली, एवढं करा. पुढे काढताना आपल्याला आपण कासव झाल्यासारखं वाटतं पण समोरून ते दिसत नाही, फक्त जबड्याची रेघ स्वच्छ दिसते.

आणि डोळ्यांखालचं काळं. इथे जरा वेळ काढते कारण प्रकाश हाच खरा मेकअप आहे आणि लोक नेमकं तेच सोडून बाकी सगळं करतात. तुमच्या डोक्यावर छतालाच एक दिवा आहे. वरून उजेड पडला की भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, नाकाची ओठावर, आणि माणूस चार रात्री जागल्यासारखा दिसतो. त्यातून तुमच्या पाठीमागे खिडकी. कॅमेरा समोरचं सगळं चित्र बघून सरासरी काढतो, मागे लख्ख उजेड दिसला की त्याला वाटतं फार प्रकाश झाला, तो सगळंच काळं करून टाकतो, आणि त्यात तुमचा चेहरा जातो. म्हणून टेबल फिरवा. खिडकी समोर पाहिजे, अगदी नाकासमोर नको, थोडी एका बाजूला, म्हणजे एका गालावर उजेड जरा जास्त आणि दुसऱ्यावर जरा कमी पडेल. चेहऱ्याला त्याने गोलाई येते. वरचा दिवा बंद. दुसरी बाजू फारच अंधारी वाटली तर कॅमेऱ्यात येणार नाही असा एक पांढरा पुठ्ठा किंवा पांढरी चादर खुर्चीवर टाकून त्या बाजूला ठेवा, खिडकीचा उजेड त्यावरून परत गालावर येतो. आम्ही शूटिंगला थर्माकोल वापरतो, काम तेच.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. उजेडाची जागा जेवढी मोठी आणि जेवढी जवळ तेवढी सावली मऊ, हा एकच नियम लक्षात ठेवा, सुरकुत्या पण त्यानेच कमी दिसतात. मोबाईलचा टॉर्च तोंडावर मारला तर उजेड भरपूर मिळेल पण बारीक ठिपक्यातून येणारा, तो प्रत्येक रेघ कोरून काढतो. आणि हे सगळं करून बघायचं ते मुलाखतीच्याच वेळेला. सकाळी अकराला सेटिंग केलं आणि मुलाखत संध्याकाळी सहाला, असं केलं तर काही उपयोग नाही, सूर्य काय आपल्यासाठी थांबतो का. संध्याकाळचीच असेल तर टेबल लॅम्प घ्या, तो समोरच्या भिंतीवर किंवा पांढऱ्या पुठ्ठ्यावर मारा, तिथून परतलेला उजेड तोंडावर घ्या. सगळे दिवे एकाच रंगाचे असू द्या, एक पिवळा बल्ब आणि एक पांढरी ट्यूब असं झालं की कॅमेरा गोंधळतो आणि अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा होतो. एखाद्या एलईडीखाली रेकॉर्डिंगमध्ये आडवे पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बहुतेक वेळा ५० की ६० असं विचारलेलं असतं, आपल्याकडच्या विजेप्रमाणे निवडायचं. नाही जमलं तर दिवा बदला.

सावळ्या रंगाबद्दल तुम्ही दबक्या आवाजात लिहिलंय, जणू तो पण एक प्रॉब्लेम. नाहीये. लोक काय करतात, दोन शेड उजळ फाउंडेशन थापतात, आणि मग चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची आणि हात तिसऱ्या. एडिटिंगला बसल्यावर मला हे रोज दिसतं आणि रोज वाईट वाटतं. सावळ्या चेहऱ्याला पाहिजे असतो तो जास्त उजेड आणि मागची भिंत जरा शांत रंगाची. पांढरीशुभ्र भिंत असली की परत तेच, कॅमेरा तिच्याकडे बघून चेहरा काळा करतो. तुमच्या क्लिपमध्ये डावीकडे पुस्तकांचं कपाट आहे ना, ते चार-पाच फूट मागे येईल असं बसा, भिंतीला चिकटून बसू नका. बाकी मेकअप करत असाल तर नेहमी करता तोच आणि तेवढाच करा, नसाल करत तर आता सुरू करू नका, फक्त कपाळ, नाक आणि हनुवटी टिश्यूने टिपून घ्या. पुसायचं नाही, दाबून टिपायचं. घामाची चमक कॅमेऱ्यात दुप्पट दिसते आणि बघणाऱ्याला उगाच वाटतं की बाई घाबरली आहे.

आता चेहरा वाकडा. हे वाचून मला तुमच्यावर मायाच आली, कारण पहिल्यांदा स्वतःला रेकॉर्डिंगमध्ये बघणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, मी पण म्हटलं होतं. ४७ वर्षं तुम्ही स्वतःला आरशात बघितलंय, म्हणजे उलटं. भांग डावीकडे, तीळ उजवीकडे, जी भुवई जरा वर आहे ती त्या बाजूला. रेकॉर्डिंगमध्ये सगळं सुलट होतं आणि डोळ्याला ते खटकतं. १९७७ मध्ये अमेरिकेत याचा एक प्रयोग झाला होता, बायकांना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा, तर त्यांना बहुतेक करून आरशातला आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळवाला. म्हणजे तुम्हाला जो चेहरा वाकडा वाटतोय तोच तुमच्या भाचीला रोजचा, ओळखीचा आहे. तिला विचारा, तिला काही वाकडं दिसलंच नसेल.

याचाच दुसरा भाग म्हणजे मुलाखत सुरू झाली की स्क्रीनवरची स्वतःच्या चेहऱ्याची खिडकी बंद करायची. सेटिंग बघून झालं की स्वतःला लपवा, बहुतेक सगळ्या अ‍ॅपमध्ये ती सोय असते. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलचा थकवा कशाने येतो यावर लिहिलं होतं, त्यात सतत स्वतःचा चेहरा समोर असणं हे एक कारण होतं. तुमच्या क्लिपमध्ये मी मोजलं नाही पण दर तीन-चार वाक्यांनी नजर कोपऱ्यात जातेय, केस नीट करताय, परत कोपऱ्यात. प्रश्न विचारणाऱ्याची खिडकी छोटी करून ओढत ओढत बरोब्बर कॅमेऱ्याच्या ठिपक्याखाली नेऊन ठेवा. २००२ मध्ये मिल्टन चेन नावाच्या संशोधकाने दाखवलं होतं की नजर कॅमेऱ्याच्या थोडी खाली असली तर समोरच्याला ती आपल्याकडेच आहे असं वाटतं, डावीउजवीकडे गेली की मात्र लगेच कळतं. म्हणून ठिपक्याकडे एकटक बघत बसायची गरज नाही, माणसाकडे बघा, फक्त माणूस ठिपक्याखाली पाहिजे. मुद्द्यांचा कागद असेल तर तोही तिथेच चिकटवा, मांडीवर नको.

चष्मा काढू नका. रोज चष्म्यात असणारी माणसं तो काढून बसली की डोळे बारीक करतात आणि हरवल्यासारखी दिसतात. काचेवर उजेड चमकत असेल तर दिवा आणखी वर आणि बाजूला न्या, आणि चष्म्याच्या दांड्या कानावर अगदी थोड्या उचलून ठेवा, म्हणजे काच किंचित खाली झुकते आणि चमक खालच्या बाजूला निघून जाते. स्क्रीनचा निळा चौकोन काचेत दिसतोय तुमच्या क्लिपमध्ये, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा, मागची पांढरी पानं बंद करा, जाईल.

कपडे. इथे मी माझीच फजिती सांगते. एकदा मला स्वतःलाच एका छोट्या कार्यक्रमात बोलायला बोलावलं होतं, मी मोठ्या हौसेने बारीक बारीक रेघांचा कुर्ता घातला, मी, जी दुसऱ्यांना हे सांगत असते. स्क्रीनवर तो कुर्ता जिवंत झाल्यासारखा लाटा मारत होता, हलले की इंद्रधनुष्य, थांबले की परत रेघा. बारीक रेघा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे बारीक ठिपके यांची जाळी एकमेकांवर बसली की असं होतं, त्याला मोआरे म्हणतात. मी काय बोलले ते एकालाही आठवत नाही, कुर्ता सगळ्यांना आठवतो. तेव्हा बारीक रेघा, बारीक चौकडा नको. पांढराशुभ्र आणि काळाकुट्ट पण शक्यतो टाळा. एकरंगी, जरा गडद, मागच्या कपाटापेक्षा वेगळा उठून दिसेल असा. २६ सप्टेंबर १९६० ला केनेडी आणि निक्सन या अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा टीव्हीवर वाद झाला त्याची गोष्ट सगळे सांगतात, निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्याने हॉस्पिटलमध्ये राहून आले होते, घाम येत होता वगैरे, पण मला त्यातला सूट आठवतो, फिकट करडा, आणि मागचा पडदाही फिकटच. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर माणूस पार्श्वभूमीत विरघळून गेला. केनेडींचा गडद सूट होता, ते कापून चिकटवल्यासारखे स्पष्ट. आणि नवीन कपडा मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, बसल्यावर तो कुठे फुगतो ते आधी कळलं पाहिजे.

फिल्टरबद्दल भाचीला माझ्याकडून सांगा की नको. चष्म्याच्या कडेला गाल वितळताना दिसतो, हात चेहऱ्यासमोरून गेला की क्षणभर खरा चेहरा येतो आणि परत जातो, बघणाऱ्याचं सगळं लक्ष तिथेच. आणि पुढच्या महिन्यात टीम येईल तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात फिल्टर नसणार, मग एकाच कार्यक्रमात दोन वेगळ्या बायका दिसणार का?

झोप मात्र घ्या. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये २३ जणांचे फोटो काढले होते, एकदा नीट झोपल्यावर आणि एकदा जागरणानंतर, आणि बघणाऱ्यांना न सांगताही जागरणवाले कमी निरोगी आणि कमी देखणे वाटले. सहा दिवस वजन कमी करायच्या नादात उपाशी राहण्यापेक्षा बुधवारी रात्री लवकर झोपा.

पुढच्या महिन्यातल्या टीमचं टेन्शन तर मुळीच नको, उलट ते सोपं असतं. उजेड, कोन, अंतर हे सगळं बघायला तिथे माणूस असतो. तुम्ही फक्त इतकं करा, आल्याआल्या विचारा की बघायचं कुठे. बहुतेक वेळा प्रश्न विचारणारा कॅमेऱ्याच्या शेजारी बसतो आणि तुम्ही त्याच्याकडेच बघायचं असतं, मध्येच कॅमेऱ्यात बघितलं की चोरी पकडल्यासारखं दिसतं. काही जणांना थेट कॅमेऱ्यातली नजर हवी असते, एरॉल मॉरिस या माहितीपटवाल्यांनी तर त्यासाठी एक यंत्रच जुळवलं, टेलिप्रॉम्प्टरच्या, म्हणजे लेन्ससमोर बसवलेल्या काचेवर प्रश्न विचारणाऱ्याचा चेहराच दिसतो, म्हणजे त्याच्याशी बोलता बोलता नजर आपोआप लेन्समध्ये. तुमच्याकडे तसं काही नसणार, म्हणून विचारून घ्या. ते गळ्याशी छोटा माइक लावतील, तेव्हा गळ्यातली साखळी काढून ठेवा. एका मुलाखतीत साखळीचं पदक माइकवर आपटत होतं, प्रत्येक श्वासाला टक, टक, आणि ते पुसता पुसता माझे दोन दिवस गेले, शेवटी अर्धी मुलाखत टाकूनच द्यावी लागली. गोल फिरणारी खुर्ची दिली तर दुसरी मागा, आपण फिरतो ते आपल्याला कळतच नाही. पाठ टेकू नका, खुर्चीच्या पुढच्या अर्ध्यात बसा, पाय जमिनीवर. प्रश्नाचा आवाज नंतर कापला जातो बऱ्याचदा, म्हणून "हो, पाच-सहा आठवडे" असं तुटक उत्तर न देता "कामकरी माशी उन्हाळ्यात पाच-सहा आठवडे जगते" असं पूर्ण वाक्य. चुकलं तर थांबा, श्वास घ्या, वाक्य पहिल्यापासून परत म्हणा. त्याने कुणी चिडत नाही, एडिटर तर मनातल्या मनात आशीर्वाद देतो.

आता क्लिपमधलं एक सांगायचं राहिलं. सातव्या मिनिटाला भाचीने विचारलं की माशी फुलं कुठे आहेत ते बाकीच्यांना कसं सांगते, आणि तुम्ही त्या नाचाबद्दल बोलायला लागलात, पोळ्यावर सरळ वर नाचली म्हणजे सूर्याच्या दिशेने जा, तिरकी नाचली म्हणजे सूर्यापासून तेवढाच कोन करून. तिथे तुम्ही केस विसरलात, कोपरा विसरलात, पुढे झुकलात, भुवया वर गेल्या, उजेड तोच रद्दी आणि पंखा तोच डोक्यावर, पण मी तेवढं मिनिट मागे नेऊन परत ऐकलं, कामाचं काहीही नसताना. दिसायला तुम्ही तिथे फार छान दिसताय. फक्त एक गडबड आहे, नाच दाखवायला तुम्ही उजवा हात वर नेलात आणि तो फ्रेमच्या बाहेर गेला, लॅपटॉप एवढा जवळ होता की फक्त कोपर दिसतंय. लॅपटॉप मागे सरकला की तोही प्रश्न सुटेल. बुधवारी भाचीला परत बसवा, तोच प्रश्न विचारायला सांगा, आणि रेकॉर्डिंगमध्ये चेहरा बघू नका, बोटं चौकटीत राहतायत का तेवढंच बघा.